तुलनेची गल्ली

इस्त्रीवाल्या काकूंच्या जिभेला हाड नव्हतं हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, त्यामुळे विद्यापीठाची माणसं पहिल्यांदा आली तेव्हा गल्लीने त्यांनाच पुढे केलं. काकूंनी इस्त्री उभी करून ठेवली, हात पुसले आणि विचारलं, "काय काम काढलंत?"

विद्यापीठाचे मोठे सर हसले. त्यांच्या शर्टाच्या कॉलरला कुणीतरी वाईट इस्त्री केलेली होती, ते काकूंना आधी दिसलं. ते म्हणाले, "आम्ही तुमच्यासाठीच आलोय. विद्यापीठ आता चार भिंतींत बसणार नाही. समाजात उतरणार."

"उतरा की. पण जपून, इथे गटार फुटलंय."

खरी भानगड तीच होती. फुटक्या गटाराशेजारून जुना पाइप जायचा आणि नळाला गढूळ पाणी यायचं. गल्लीतली लहान पोरं सारखी पोट धरून बसायची. काकूंची नात छकुली तर त्यात सगळ्यांत पुढे. मुलगा आणि सून बिस्किटांच्या कारखान्यात पाळीवर, पोर सगळी काकूंच्या अंगावर. पाणी उकळा, गाळा, झाका, सगळं करून झालं. पण पोरगी आंघोळीला बसली की नळालाच तोंड लावायची. रात्रंदिवस चड्ड्या धुऊन काकूंच्या नाकी नऊ आले होते. चड्ड्यांचं काही नाही हो, पण पोरीचे बसलेले गाल त्यांना बघवत नसत. ही पोर एकदा धड बाळसं धरू दे, एवढंच त्यांचं मागणं होतं.

म्हणून विद्यापीठ पाणी शुद्ध करायचं मशीन आणतंय म्हटल्यावर काकूंनी सरांना स्वतःच्या हाताने चहा दिला. मशीन आलंही. मोठं थोरलं, निळं, टाकीसकट. आणि बसलं कुठे? वरच्या गल्लीत!

काकू तणतणत सरांच्या मागे आलेल्या संशोधक मुलीकडे गेल्या. ही पोरगी चष्मेवाली, बारकी, सदा घाबरलेली. याच कामावर तिला डॉक्टर व्हायचं होतं. पोट तपासणाऱ्यांतली डॉक्टर नव्हे, पोटावर लिहिणाऱ्यांतली.

"काकू, तुमची गल्ली तुलनेसाठी आहे," तिने समजावलं. "वरच्या गल्लीत मशीन, तुमच्याकडे काहीच नाही. मग बघायचं, कुठली मुलं जास्त आजारी पडतात."

"म्हणजे आमची पोरं आजारी पडायला हवीत?"

"हवीत असं नाही. पण पडली तर व्यवस्थित नोंद होईल."

घ्या! काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या तशाच पाणी खात्याच्या कचेरीत गेल्या. तिथला साहेब म्हणाला, पाइप बदलायचं आमच्या मनात होतंच, पण आता विद्यापीठाचा अभ्यास चाललाय, तो संपेपर्यंत आम्हाला तिथे हात लावता येणार नाही, आकडे बिघडतात म्हणे. म्हणजे आजवर नुसतं गटार फुटलेलं होतं, आता त्याच्यावर शास्त्राचा पहाराही बसला.

त्यात जखमेवर मीठ म्हणजे वरच्या गल्लीत, अगदी मशीनसमोर राहायची काकूंची धाकटी जाऊ. सासूबाईंच्या शिवणयंत्रावरून दोघींचं वाजलं होतं आणि तेव्हापासून दोघींमध्ये विस्तव जात नव्हता. रस्त्यात समोर आल्या तरी दोघी आभाळाकडे बघून जायच्या. आता हिच्या दारात स्वच्छ पाणी, आणि आपण तिच्याकडे मागायचं? जीव गेला तरी नाही, असं काकूंनी छकुलीला मांडीवर घेऊन ठणकावून सांगितलं. छकुलीचं तेव्हाही पोट दुखत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर झाकण लावलेला पाण्याचा कॅन. आजूबाजूला कुणी नाही. झाकणाला बांधलेलं फडकं मात्र काकूंनी ओळखलं. शिवण जावेची होती, त्याच यंत्रावरची. काकू फणकारल्या, पण कॅन आत घेतला. संध्याकाळी रिकामा कॅन घासूनपुसून बाहेर ठेवला. सकाळी तो भरलेला होता. दोघी अजूनही आभाळाकडेच बघून जात होत्या, बरं का!

छकुलीचं पोट बिघडायचं थांबलं. मग काय, अशी गोष्ट झाकून राहते होय? गल्लीतल्या बायांनी ओळखी काढल्या. कुणाची बहीण वर, कुणाची विहीण वर, कुणाची नुसतीच मैत्रीण. उजाडायच्या आत कॅन, बादल्या, बाटल्या खाली यायच्या, आणि संशोधक मुलगी यायच्या वेळी गल्ली अशी साळसूद बसलेली असायची, की विचारू नका.

ती यायची आणि विचारायची, "पाणी कुठलं वापरता, काकू?"

"आमच्याच नळाचं, पोरी. दुसरं कुठलं असणार?"

खोटं बोलायचं खरं तर काही कारण नव्हतं. पण ही बिचारी उन्हातून येते, आपण सरळ सांगितलं तर तिचं काम विस्कटेल, सर तिला ओरडतील. काकूंना तिची दया आली आणि सगळ्या गल्लीने काकूंचं बघून तेच उत्तर पाठ केलं. दयेपोटी माणूस काय घोळ घालून ठेवतो ना, त्याला तोड नाही.

अभ्यास संपला. वरच्या गल्लीत मशीनसमोर खुर्च्या मांडल्या, माइक आला, "समाजासाठी विद्यापीठ" असा फलक लागला. काकू छकुलीला कडेवर घेऊन गेल्या. पोरीचे गाल आता चांगले वर आले होते आणि कंबर मोडायची वेळ आली तरी काकूंना ते वजन सुखाचं वाटत होतं.

सर माइकवर आले. "निष्कर्ष थक्क करणारा आहे," ते म्हणाले. "दोन्ही गल्ल्यांत मुलांचं आजारपण सारखंच घटलंय. म्हणजे मशीनचा उपयोग शून्य! मग फरक कशाने पडला? आमच्या भेटींनी. आमची विद्यार्थिनी दर आठवड्याला येऊन प्रश्न विचारत होती, त्या नुसत्या विचारण्याने जागृती झाली. ह्या शोधाची बाहेरच्या मोठमोठ्या लोकांनी दखल घेतलीय. तेव्हा मशीन आम्ही परत नेतोय आणि दोन्ही गल्ल्यांना जागृतीची भित्तिपत्रकं देतोय."

टाळ्या वाजवायला हात वर गेले आणि तसेच राहिले. टेम्पो मागेच उभा होता. काकूंची पाचावर धारण बसली. पलीकडे जाऊ बसली होती; तिने चक्क काकूंकडे बघितलं. आभाळाकडे नाही.

काकू उठल्या. "अहो सर, थांबा! आमच्या नळाला आम्ही हातसुद्धा लावला नाही. आम्ही सगळे ह्याच मशीनचं पाणी प्यायलो. मी खोटं बोलले. ह्या सगळ्यांना खोटं बोलायला मीच लावलं."

संशोधक मुलगी पांढरी फटक पडली. काकूंना तिच्याकडे बघवेना. सरांनी माइक बाजूला केला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "अहो बाई, हे आत्ताच बोलायला हवं होतं का? पाणी शुद्ध होतं हो, पण तुम्ही आमचे आकडे नासवलेत."

"आकडे नासले तर नासले. मशीन नेऊ नका."

सर क्षणभर डोळे मिटून उभे राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला, आणि तो उजळला तेव्हाच काकूंनी ओळखायला हवं होतं. "मशीन नेणार नाही!" ते माइकवर म्हणाले. काकूंचा जीव भांड्यात पडला. "अभ्यास पुन्हा पहिल्यापासून करू. पण आता चोख. वरच्या गल्लीच्या तोंडाला फाटक आणि पहारेकरी. पाण्याचा थेंब बाहेर जाता कामा नये."

ह्यावर मात्र टाळ्या वाजल्या. विद्यापीठाच्या माणसांनीच वाजवल्या.

फाटक बसलं. पहारेकरी स्वभावाने गरीब, पण नोकरीला घट्ट. उंबऱ्यावरचा कॅन बंद झाला आणि छकुलीचं पोट पुन्हा बिघडायला लागलं. गाल पुन्हा आत जायला लागले. काकू इस्त्री करता करता रडायच्या आणि डोळ्यांतलं पाणी कपड्यावर पडलं की त्याच्यावरूनच इस्त्री फिरवायच्या. मी गप्प बसले असते तर? मशीन गेलं असतं, सगळ्यांचंच गेलं असतं. बोलले म्हणून फक्त आपलं गेलं. आता ह्यातलं बरं कुठलं, हे कुठल्या सरांना विचारायचं?

एका सकाळी जाऊ दारात येऊन उभी राहिली. कॅन नव्हता.

"ताई, पोरीचं अंथरूण द्या."

"म्हणजे गं?"

"पाणी बाहेर न्यायचं नाही अशी पाटी आहे. पोर आत न्यायची नाही असं कुठेच लिहिलेलं नाही."

काकूंनी अंथरूण दिलं. छोटा टॉवेल दिला, चपला दिल्या. शिवणयंत्राचा विषय कुणीच काढला नाही. जावेची खोली एवढीशी, त्यात आणखी एका मोठ्या माणसाची सोय नव्हती. रोज संध्याकाळी या भेटायला, एवढंच ती म्हणाली. पुढच्या काही आठवड्यांत खालच्या गल्लीतली बाकीची चिल्लीपिल्लीही अशीच आत्यांकडे, मावश्यांकडे, ओळखीपाळखीत वर गेली.

संशोधक मुलगी नव्याने यायला लागली. आता खोटं म्हणून बोलायचं नाही, असं काकूंनी ठरवून टाकलं होतं.

"घरातल्या मुलांचं पोट गेल्या महिन्यात किती वेळा बिघडलं?"

"एकदाही नाही."

मुलीने मान वर केली. काकूंच्या पायाशी नेहमी पसरलेला खेळ नव्हता. दोरीवर एकही चड्डी नव्हती. गल्ली एवढी शांत, की भर सकाळी इस्त्रीचा आवाज ऐकू येत होता. तिला कळलं, हे काकूंना दिसलं.

"मी काय लिहू, काकू?" तिने हळूच विचारलं.

"खरं तेच लिही, पोरी. मागच्या वेळी तुझ्या भल्यासाठी खोटं बोलले, त्याचं काय झालं बघितलंस ना?"

तिने शून्य लिहिलं. गल्लीत सगळ्या घरी तेच लिहिलं. पुढे सर स्वतः आले आणि खालच्या गल्लीच्या तोंडावर फलक लावून गेले: आजारमुक्त गल्ली. सत्काराचा गुच्छ काकूंच्याच हातात दिला.

त्या संध्याकाळी काकू गुच्छ घेऊनच वर गेल्या. छकुलीने त्यातली फुलं उपटली, जावेने चहा केला, गप्पा झाल्या. निघताना छकुली फाटकापर्यंत पोचवायला आली. हातात पाण्याचा पेला होता, दोन्ही हातांनी धरलेला, न सांडता.

"आजी, हे घरी ने. तिकडचं पाणी घाण आहे."

काकूंनी पेला घेतला आणि पाऊल उचललं. पहारेकरी उठला. त्याला बिचाऱ्याला लाज वाटत होती, मान खाली घालूनच बोलला.

"काकू, पाणी इथेच प्या. बाहेर नेऊ नका."

काकू फाटकात उभ्या राहून सगळं पाणी प्यायल्या. मग रिकामा पेला नातीच्या हातात देऊन खालच्या गल्लीकडे चालायला लागल्या.