मोकळं पॅनल

ईश्वरनं गुडघ्याचा आधार देऊन दार उचललं आणि बिजागरीचा शेवटचा स्क्रू आवळला. मग हात सोडला. सागवानी दार जिथं सोडलं तिथंच थांबलं. सहा पॅनल, प्रत्येक मधोमध उठावाचं, कडेला उतरत बारीक होत गेलेलं. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मोबाईलवर बघून, दोन वर्षं फळ्या वाया घालवून तो शिकला होता.

"ती किल्ली आत घाल," मागनं सिद्धाराम मिस्त्री पुटपुटले. दुकान त्यांचं.

ईश्वरच्या कमरेला किल्लीबरोबर निळं 'जय भीम'चं कीचेन लोंबत होतं.

"टेम्पोत बोललो की तुला. ह्या घरच्या म्हातारीला पूजेला मिस्त्री जातीचा पांचाळच लागतोय. आजच्या दिवस गप ऱ्हा."

"तुमीच म्हणला हुता, दाराचा मान तुझा."

"म्हणलो हुतो. मग काय करू आता?"

ईश्वरनं किल्ली खिशात घातली. त्या मानासाठी त्यानं आज इस्त्रीचा शर्ट घातला होता.

घरमालक नंदीशच्या आईनं, चिमाबाईंनी, दाराला हळदीकुंकू लावलं. नारळ फोडला. नंदीशनं मिस्त्रींच्या डोक्याला फेटा बांधला, खांद्यावर नवा टॉवेल टाकला.

"काय हात हाय ओ मिस्त्री तुमचा!" एक पाव्हणा म्हणाला.

मिस्त्रींनी जन्मभर प्लायची सपाट दारं केली होती. "देवाची कृपा," ते म्हणाले.

ईश्वर पायरीखाली धारेच्या पटाश्या कापडात गुंडाळत होता. एकच पटाशी त्यानं तीनदा गुंडाळली.

चिमाबाईंनी कौतुकानं पॅनलवर थाप मारली. खुळ्ळ वाजलं. त्यांनी परत मारली.

"नंद्या, हे हालतंय की रे."

नंदीशनं अंगठ्यानं दाबून बघितलं. "व्हय की. काय ओ मिस्त्री, एवढे पैसे घेऊन ढिलं?"

मिस्त्रींनी पॅनलच्या कडेला नखानं टोकरलं. फेट्याखालनं घाम आला.

पॅनल ढिलंच ठेवायचं असतं. चौकटीच्या खाचेत नुसतं बसवायचं, ना डिंक, ना खिळा. पावसात फुगायला आणि सोलापूरच्या मे महिन्यात आक्रसायला त्याला जागा लागते. दोन्ही कडा जखडल्या की आक्रसताना लाकूड मधोमध फाटतं. ईश्वरनं मिस्त्रींना हे एकदा सांगितलंही होतं. तेव्हा ते फोनवर होते.

ईश्वर दोन पायऱ्या चढून वर आला.

"सायेब, ते पॅनल..."

"तू थांब!" मिस्त्री एकदम ओरडले. मग नंदीशकडं वळून हसले. "नवीन पोरगं हाय ओ. त्याच्याकडनं ऱ्हायलंय. आत्ता खिळे मारतंय की."

"वाटलंच मला. तुमच्या हातनं असं व्हायचं न्हाय," नंदीश म्हणाला.

"असली पोरं कशाला ठिवता ओ कामाला?" चिमाबाई म्हणाल्या.

पाव्हणे हसले. ईश्वर मिस्त्रींकडं बघत राहिला. मिस्त्री दाराकडं बघत राहिले.

मग ईश्वरनं पेटी उघडली. जाड खिळे बाजूला सारले, बारीक बिनटोपीचे निवडले. प्रत्येक पॅनलला चार, दोन डावीकडं, दोन उजवीकडं. हातोडीचा एकही ठोका लाकडावर पडू दिला नाही. खिळे खोल दाबले. वर भुसा आणि फेविकॉल कालवून भरलं, वाळू दिलं, पॉलिश पेपर फिरवला. पाव्हण्यांची पंगत उठेपर्यंत तो तेच करत होता. शेवटी बोट फिरवलं तरी खिळा कुठं आहे ते कळेना.

चिमाबाईंनी हात धुऊन येऊन थाप मारली. आवाज नाही.

"आता कसं!"

परतताना टेम्पोत मिस्त्रींनी फेटा काढून मांडीवर ठेवला.

"नंदीशच्या भावाचं घर बांधायचं चाललंय मंद्रूपला. असलीच चार दारं पायजेत म्हणला."

"बरं."

"ह्या वेळेला पयल्यापासनंच खिळे मार बाबा. चारचौघांत शोभा नको." त्यांनी घसा खाकरला. "आन् मंद्रूपला पूजेला तूच पुढं हो. खरंच सांगतोय. मी बोलतो त्यांच्याशी."

ईश्वर बाहेर बघत होता.

"नगं मालक. तुमीच बांधा फेटा," तो म्हणाला. "कदी पायजेत म्हणले दारं?"

"सवड हाय. पावसाळ्यापतुर दिली तरी चालतंय."

"एवढं कशाला थांबायचं," ईश्वर म्हणाला. "उन्हाळ्याच्या आत देऊ की."