कुलूप म्हणजे शून्य नव्हे

मित्रांनो, मी एक जुनी लायब्ररी आहे, पण माझ्याकडे पुस्तकं मागायला येऊ नका. माझ्यात टाइपस्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेत लिहिलेली साठ-सत्तर छोटी फंक्शन्स, म्हणजे एकेक काम करणारे कोडचे तुकडे, आहेत. एकाने आपलं काम करून दुसऱ्याच्या हाती द्यायचं आणि मूळ वस्तूला कोणीही धक्का लावायचा नाही, ही आमच्या घरची रीत. प्रोग्रामर मंडळी मला आपल्या कामाला जोडून घेतात. माझं नाव 'कुलूप'.

हे नाव चेतनाने ठेवलं. मुलुंडच्या एका कंपनीत ती नोकरी करते; मला घडवलं तिनेच. तिचे वडील राजाराम विजेचे मीटर वाचायचे. घर बंद दिसलं की ते शून्य लिहीत नसत, 'कुलूप' लिहीत. "शून्य म्हणजे बघितलं आणि काही नव्हतं. कुलूप म्हणजे बघताच आलं नाही," असं ते लेकीला सांगत. तेच तिने माझ्यात उतरवलं. आकडा मिळाला नाही की मी कुलूप देते, आणि त्याचं काय करायचं हे सांगितल्याशिवाय प्रोग्रामरच्या पडद्यावरची चुकीची लाल रेघ हटवत नाही. माझ्या या हट्टाचं सुरुवातीला फार कौतुक झालं. "झकास आहे गं," म्हणणाऱ्यांत चेतनाचा टीमप्रमुख मिहिर पहिला होता.

मग कंपनीला मुंबईतल्या कारखान्यांजवळच्या माहुलची हवा कशी आहे ते मोबाइलवर दाखवायचं काम मिळालं. आकडा जितका कमी, तितकी हवा चांगली. ग्राहकाला ॲप दाखवायचा दिवस उजाडला, तरी माझ्या लाल रेघा होत्याच.

"हिला 'एनी' लाव. गप्प बसेल," मिहिर म्हणाला.

एनी म्हणजे काहीही चालेल. तेवढा एक शब्द लिहिला की माझं तोंड बंद होतं, आणि न मिळालेला आकडा पुढे शून्य म्हणून जातो.

"हवा मोजणारा सेन्सर बंद पडला तर शून्य दिसेल रे," चेतना म्हणाली. "पप्पा तिथेच राहतात. दमा आहे त्यांना."

"नंतर काढू ना, यार. आज चालू दे."

चेतनाने तो शब्द लिहिला. स्वतःच्या हाताने लिहिला, हे मी विसरू शकत नाही. नंतर तो काढायला कोणालाच सवड झाली नाही.

फेब्रुवारीत सेन्सर बंद पडला. राजारामांनी मोबाइलवर हिरव्या रंगात शून्य पाहिलं. ॲप लेकीने केलेलं, म्हणून त्यांनी शंका घेतली नाही. ते फिरायला बाहेर पडले, त्या खराब हवेत त्यांना दम लागला आणि तिथून ते थेट दवाखान्यात पोचले.

खाटेशेजारी बसून चेतना मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये तो शब्द शोधत होती. राजारामांनी नाकावरचा मास्क बाजूला केला.

"शून्य कसं गं आलं? बंद होतं, तर कुलूप दाखवायचं ना."

चेतनाने लॅपटॉप मिटला.

"लायब्ररीची चूक होती, पप्पा," ती म्हणाली.

मिहिर तसं म्हणेल हे मी धरूनच चालले होते. पण जिने मला कुलूप म्हणायला शिकवलं तीच तसं म्हणाली, ते फार लागलं. पुढच्याच आठवड्यात कंपनीने मला काढून टाकलं.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. नको असेन तर खुशाल काढा. पण आधी माझं तोंड बांधून मग माझ्याच नावाने बोट दाखवू नका.