शकुबाईंचा आवाज माझ्याकडे नव्हता

मित्रांनो, मी आता जुना झालो, पण ती दुपार अजून विसरलेलो नाही. मी फेडर, दिग्रसच्या किसनराव साउंडवाल्यांच्या डिजिटल मिक्सरवरची सरकती खुंटी. हा मिक्सर चटणी वाटायचा नव्हे बरं. मला वर सारले की आवाज वाढतो, खाली ओढले की बंद होतो.

आम्ही भाऊ सोळा आणि आवाज बत्तीस. म्हणून बटण दाबून पान बदलले की पोटातल्या मोटरने मी आपोआप सरकतो आणि दुसऱ्याच माइकचे काम करतो. कोणाचे, ते वरच्या इवल्या पडद्यावर उमटते. लोक तोंडात बोट घालून बघत, तेव्हा मी फुगून जाई.

किसनराव जुन्या मिक्सरवर शिकलेले. तिथे एका फेडरला जन्मभर एकच आवाज. सवयीने त्यांनी आमच्याखाली चिकटपट्टी लावून पेनाने नावे लिहिली. माझ्याखाली लिहिले 'शकुबाई', कारण घरोघरी आरोग्याचे काम करणाऱ्या आशाताई शकुबाई गावच्या कार्यक्रमांत त्या माइकवरून सूचना देत.

"अहो, पडद्याकडं बी पाहत जा," कोकिळाबाई नवऱ्याला सांगत.

"माह्यं अक्षर मले समजते," ते म्हणत.

बोंडअळीचे वर्ष होते. सगळीकडे कपाशीवर फवारणी चाललेली. गावच्या सप्ताहात आमचे भोंगे शिवारापर्यंत ऐकू जात. भर दुपारी शकुबाई धावत आल्या, भजन थांबवून आपल्या माइकसमोर उभ्या राहिल्या.

"नव्या औषधानं तिघं बेशुद्ध पडले. फवारणी थांबवा. साबणानं हात धुतल्याबिगर भाकर खाऊ नका."

किसनरावांनी मला झटकन वर सारले. पण मिक्सरवर दुसरे पान उघडे होते आणि तिथे मी पेटीचा फेडर होतो. शकुबाईंचे ओठ हलत होते, आणि पेटीचा माइक जास्त उघडल्याने भोंग्यांतून नुसती शिट्टी निघत होती. मला स्वतःचा आवाज नाही हो, ओरडणार कसा?

"वायर गेली वाटते," म्हणत किसनराव स्टेजखाली शिरले. वायरी हलवण्यात पाच मिनिटे गेली. शेवटी कोकिळाबाईंनीच पडद्यावर 'पेटी' वाचले आणि पान बदलले. त्या पानावर शकुबाईंचा माइक बंदच होता, म्हणून मी खाडकन खाली आलो. त्यांनी मला वर नेले, तेव्हा कुठे शकुबाई शिवारात पोहोचल्या.

त्या पाच मिनिटांत किसनरावांचा धाकटा भाऊ श्रीकृष्ण फवारणी थांबवून धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून तशाच औषधाच्या हातांनी भाकर खाऊन मोकळा झाला होता. यवतमाळच्या दवाखान्यात महिनाभर राहून तो वाचला. डोळे मात्र वाचले नाहीत.

किसनरावांनी पट्टी ओरबाडून काढली. आता कार्यक्रमाला श्रीकृष्ण मिक्सरजवळच बसतो.

"दादा, आता कोन बोलून राह्यलं?" तो विचारतो.

किसनराव पडद्यावरचे नाव मोठ्याने वाचतात, मगच मला हात लावतात. मित्रांनो, तुम्हीही आधी नाव वाचा. आमचे किसनराव ते एका माणसाचे डोळे गेल्यावर वाचू लागले.