मोठं काडतूस

कारीने वडिलांकडे, म्हणजे वर्लिनकडे, पाठ करून काडतुसं भरली आणि बंदूक त्याच्या हाती दिली. उद्यापासून अमेरिकेतल्या मोंटानात एल्क हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होणार होता, म्हणून खडीच्या जुन्या खाणीत नेम तपासणं चाललं होतं.

वर्लिन वाळूच्या पिशवीवर नळी टेकवून आडवा झाला. गेल्या हंगामात त्याची गोळी एका मोठ्या नराच्या पोटात लागली होती. तो आणि त्याचा मेहुणा आर्लो अंधार पडेपर्यंत बर्फातल्या रक्तामागे फिरले. जनावर सापडलं नाही. तेव्हापासून वर्लिनने सगळं खापर काडतुसावर फोडलं. सात मिलिमीटर मॅग्नमचं काडतूस म्हणजे एल्कला नुसत्या गुदगुल्या, घ्यावं तर त्याहून मोठं तीनशे अडतीसच, असं तो तशी नवी बंदूक घेऊन हिवाळाभर भेटेल त्याला ऐकवत होता. आर्लोच्या तर तो इतका मानगुटीवर बसला, की बिचाऱ्याने आपली चांगली चालती तीनशे मॅग्नम बंदूक विकून हीच तीनशे अडतीसची तोफ घेतली.

पहिला बार खाणीत घुमला. दुसऱ्या वेळी नुसतं 'टक' झालं. बार नाही, धक्का नाही, तरी नळी खाली गेली आणि वर्लिनचे डोळे गच्च मिटले.

त्याला लगेच कळलं. मधे एक वापरलेलं, रिकामं काडतूस सरकवायचं, म्हणजे बाराला घाबरणारा माणूस उघडा पडतो. लहानपणी कारीला हे त्यानेच शिकवलं होतं.

"काडतूस खराब निघालं," शेजारी उभा असलेला आर्लो म्हणाला. एरवी कुणाची फिरकी घ्यायची संधी न सोडणारा माणूस, आज वर्लिनला सुटायची वाट काढून देत होता. कारी बुटांकडे बघत राहिली. वर्लिनचे कान तापले. दोघं हसले असते तर बरं झालं असतं.

"खराब नाही, रिकामं होतं," तो उठत म्हणाला. "पोरीने मुद्दाम घातलंय. मी डोळे मिटतो."

"जड बंदूक आहे. होईल सवय," आर्लो म्हणाला.

"जुनी बंदूक उडवतानाही मिटायचो."

आर्लोला ते उमजायला जरा वेळ लागला. "म्हणजे गेल्या वर्षीचा तो नर..."

"काडतुसाचा काही दोष नव्हता."

"मग ही तोफ माझ्या गळ्यात कशाला मारलीस?"

वर्लिनला मान वर करवेना. "माझ्या एकट्याकडेच असती, तर का बदलली म्हणून कुणीतरी विचारलं असतं."

वर्लिनने उरलेली काडतुसं काढून कारीच्या हातावर ठेवली.

"उद्या मी बंदूक घेत नाही," तो म्हणाला.

दोघांपैकी कुणीतरी, असं काय करतोस, म्हणेल असं त्याला वाटलं होतं. कारीने काडतुसं खिशात टाकली. आर्लो वाळूच्या पिशव्या उचलून गाडीत ठेवू लागला.