पाचची बॅच

"पुन्हा पॉइंटर! जावात हे झंझटच न्हाई म्हणे," भुजंग शेजारच्याच्या कानात पुटपुटला. त्याच्याच खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून रजनी उभी होती, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"कोण म्हणे?" तिनं विचारलं.

तीर्थपुरीहून रोज एसटीनं येणारा हा आडदांड गडी एकदम आक्रसला. "कोनी न्हाई, मॅडम. शिवकन्या मॅडम आपल्या सहज बोलून राह्यल्या होत्या."

शिवकन्या मॅडम! रजनीच्या नवऱ्याची, गिरिधरची भाची. जाफराबादहून सुट्टीत मामाकडं जालन्याला यायची, तेव्हा हिच्या केसांतल्या उवा रजनीनं काढल्या होत्या. आता ती इंजिनियर होऊन आली होती आणि गिरिधरच्या कॉम्प्युटर क्लासात सकाळी जावा शिकवत होती. संध्याकाळी पाचची बॅच सी प्लस प्लसची, म्हणजे रजनीची. ती भाषा रजनीला कुणी शिकवली नव्हती. एक जुनं पुस्तक, एक शब्दकोश आणि पोळ्या उरकल्यावर सापडणारं रिकामं मशीन, एवढ्यावर तिनं ती मिळवली होती.

धुळीनं मशीन बिघडतं म्हणून क्लासात चपला बाहेर काढायचा नियम होता. त्यामुळं कुणाचं किती चालतं ते दारातच कळायचं. सकाळी त्या चपलांतून पाय ठेवायला जागा नसायची. पाचला पायरी मोकळी. तिकडं न बघता आत जायचं असं रजनी रोज ठरवायची, आणि रोज बघायची.

"तुझ्यात काही कमी नाही गं," गिरिधर म्हणायचा. "भाषा जुनी झाली. पुण्याच्या कंपन्या जावाच विचारतात. पाचची बॅच तिला दिली तर तुझ्या मानेलाही जरा आराम पडेल."

रजनीची मान उत्तम होती.

शिवकन्याही जेवताना तेच गोल गोल बोलायची. "मामी, सी प्लस प्लस भारीच आहे. पळतं कसलं! फक्त मेमरी आपण घ्यायची अन् आपणच परत करायची. विसरलं की बोंब. जावात कसं, जेवून ताट तसंच सोडून उठलं तरी चालतं. मागून कुणीतरी येऊन उचलतं."

"ह्या घरातही तीच सोय आहे," शिवकन्याचं ताट उचलत रजनी म्हणाली.

शिवकन्या ओशाळून उठेपर्यंत ताट मोरीत गेलं होतं.

शेवटी गिरिधरनंच तोडगा काढला. रविवारी दोघींनी एकच प्रोग्राम आपापल्या भाषेत करून दाखवायचा. पाचला काय शिकायचं ते पोरं ठरवतील. "भाषांची तुलना होईल, बाकी काही नाही," तो पुन्हा पुन्हा म्हणाला.

आता क्लासाचं वेळापत्रक लाईटवर चालायचं, आणि लाईटचं वेळापत्रक रजनीच्या डोक्यात असायचं. गिरिधर तिलाच विचारून सगळं लावायचा. "लाईट अजून सहालाच जाते ना?" त्यानं विचारलं. ह्या रविवारी ती पाचलाच जाणार, हे वायरमन काकासाहेब सकाळीच दारातून सांगून गेले होते. रजनी कणीक मळत होती.

"हं," ती म्हणाली.

रविवारी दुपारी पहिली पाळी रजनीची. निळ्या पडद्यावर तिनं 'जनावर' नावाचा क्लास, म्हणजे साचा, लिहिला. त्यातून एक बैल काढला, एक म्हैस काढली. "जनावर आपण आणलं, तर काम झाल्यावर दावं आपणच सोडायचं," असं म्हणत शेवटी डिलीटची ओळ घातली. कळ दाबायचा अवकाश, उत्तर हजर. मग तिनं आणखी एक उदाहरण घेतलं. मग आणखी एक. भिंतीवरचं घड्याळ तिला नीट दिसत होतं.

मग शिवकन्या बसली. त्या जुन्या मशीनवर जावा उठायलाच वेळ घ्यायची. डिस्क घरघरत राहिली, पोरं जांभया द्यायला लागली, आणि लाईट गेली. म्हाताऱ्या यूपीएसनी शिट्ट्या मारून माना टाकल्या.

"अरेरे," रजनी म्हणाली, आणि पोरं आता चपला शोधतील म्हणून दारातून बाजूला झाली.

शिवकन्यानं खिडकी उघडली आणि ती पोरांत शिरली. "भुजंग, ऊठ. तू बैल. अप्पाराव, तू म्हैस. दोघंबी जनावरच. मी नुसतं 'ओरड' म्हणणार. कसं ओरडायचं ते तुमचं तुम्ही बघा. हं, ओरड!"

भुजंग असा हंबरला की रस्त्यावरचा सायकलवाला उतरून आत डोकवायला लागला. अप्पारावानं लाजत लाजत म्हशीचा सूर लावला. पोरं हसून लोळली. "म्हंजे हुकूम एकच, अन् ज्याचा त्याचा आवाज येगळा!" भुजंग ओरडला. हेच रजनी त्याला महिनाभर सांगत होती.

आणि हे तर रजनीचंच होतं. बारावीच्या सुट्टीत शिवकन्याला हे काही केल्या उमगेना, तेव्हा ह्याच खोलीत रजनीनं तिला म्हैस केलं होतं आणि स्वतः बैल झाली होती. पुढं मॅडम झाल्यावर, पोरं हसतील म्हणून, तिनं ते सोडून दिलं. पोरीनं ते जपून ठेवलं होतं, वर आपलं काहीतरी घालून चांगलं खुलवलं होतं.

खोलीत एकही मशीन चालू नव्हतं आणि एकही पोरगं उठत नव्हतं.

अंधारून आल्यावर पोरं गेली. दारात चपलांची ओढाताण चालली होती, तरी भुजंग मागं वळून हंबरलाच.

"लाईटनं सगळा घोळ केला," गिरिधर म्हणाला. "तुलना काही झालीच नाही. पण रजनी, तू तर सहा म्हणाली होतीस."

"मी हं म्हणाले होते."

शिवकन्यानं घाईघाईनं मशीनवर कव्हर घातलं. "असू द्या, मामा. ह्या मशीनला जावा जडच पडते. मामीचंच बराबर आहे. पाचला सी प्लस प्लसच राहू द्या."

"तेच म्हणतो मी," गिरिधरनं धागा पकडला. "शेवटी भाषेभाषेचा फरक..."

"भाषेला कशाला मधे घेता?" रजनी म्हणाली. "तिची भाषा तर सुरूसुद्धा झाली नव्हती." भुजंगाची वाकडी राहिलेली खुर्ची तिनं टेबलाखाली सारली. "ही माझ्यापेक्षा चांगलं शिकवते. जळते मी हिच्यावर."