माझे हरवलेले टोक

मित्रांनो, मी एक जुनी सुरी आहे. हसू नका, मला टोक नाही हे मलाही ठाऊक आहे. ते मोडले त्याच दिवशी माझा मान वाढला होता.

ॲल्डरबीच्या जहागिरीत लोहाराने मला चीज कापायला घडवले. चार वर्षे मी सरदार फुल्कच्या ताटाशेजारी इमानाने राबले. एकदा पुरात फुल्क घोड्यासकट वाहून चालला होता, तेव्हा ऑर्म नावाच्या गड्याने त्याला ओढून काढले. आमच्याकडे तेव्हा जमीन देताना लिखापढी नसे. फुल्कने भरल्या दिवाणखान्यात मला टाचेखाली धरून मोडले. टोक स्वतःकडे ठेवले आणि मुठीकडचा तुकडा, म्हणजे मी, ऑर्मला दिला.

"हे दोन तुकडे जुळतील तोवर नदीकाठची जमीन ऑर्मच्या वंशाची," तो म्हणाला. "बदल्यात त्यांनी वाटसरूंना नदी पार करून द्यायची. बस्स."

फुल्कचा थोरला मुलगा वॉरिन तेव्हा चांगला जाणता होता. जमीन दिल्याची खूण म्हणून तिथल्या मातीचे ढेकूळ त्यानेच ऑर्मच्या ओंजळीत ठेवले.

ऑर्मच्या घरी मी चुलीवर टांगलेली असे. त्याची लेक गुनिल्ड दर रविवारी मला मेंढीची चरबी चोळी. शिकारीहून परतताना वॉरिन तिथे थांबे, ओटाची भाकरी आणि चीज खाई आणि माझ्याकडे बघून म्हणे, "हिला जप गं. तुझं सगळं हिच्यावर आहे." मला ते ऐकून फार बरे वाटे.

पुढे फुल्क गेला, ऑर्मही गेला. सरदार झालेल्या वॉरिनला त्या काठावर पाणचक्की हवी होती. त्याने गुनिल्डला कचेरीत बोलावले. ती मला धुतल्या फडक्यात गुंडाळून गेली.

"टोक कुठाय?" वॉरिनने विचारले.

"ते तुमच्याकडं, धनी. तुमच्या वडिलांनी ठेवलं."

"माझ्याकडे असलं काही नाही."

"आणि ढेकूळ? ते तर तुम्हीच दिलंत ना माझ्या बापाच्या हातात?"

"आठवत नाही," तो मान खाली घालून म्हणाला.

तेवढ्यात कारकुनाने लेखणीचे पीस तासायला चिमुकला चाकू उचलला. मी त्याला पाहताच ओळखले. ते माझेच टोक होते, घासून बारीक केलेले, हाडाची नवी मूठ बसवलेले. आता ते माझ्याशी जुळलेही नसते. वॉरिनची नजर तिकडे गेली आणि झटकन वळली. माझ्याच अर्ध्या अंगाने तासलेल्या त्या पिसाने गुनिल्डची जमीन काढून घेतल्याचा हुकूम लिहिला. सुरीला ओरडता येत नाही, मित्रांनो.

गुनिल्ड आता परक्याच्या शेतावर राबते आणि माझ्याच पात्याने कांदे चिरते. ही मोडकी टाकून दे, असे शेजारणी सांगतात.

"असू दे," ती म्हणते. "हिनं शब्द मोडला नाही."

मित्रांनो, वस्तूंना तेलपाणी करा, गंज चढू देऊ नका. आणि कुणाच्या शब्दाचा अर्धा तुकडा तुमच्यापाशी असेल, तर तो दुसऱ्या कामाला जुंपू नका. माझे टोक अजून कचेरीत पिसे तासते म्हणे. त्याच्यावर माझा राग नाही. ते बिचारे लोखंड आहे. राग आहे तो आमच्या घरची भाकरी खाऊन गेलेल्या माणसावर.