घरखातं आन् आत्याबाईंचे दात

शिर्डीच्या सायबाबाची आन, ह्यातला शबूद न् शबूद खरा हाय! ज्याला पटत न्हाई त्यानं आत्ताच उठावं, त्याच्या वाटच्या शेंगा मी खाते.

बहात्तरचा दुष्काळ हुता. आमचे हे खडी फोडायला लांब गेल्ते. मी संगमनेरात बिड्या वळायला कारखान्यात जायची. त्यात माझ्या सासूबाई, मनकर्णाआत्या, घसरून पडल्या. मांडी मोडली, खाटंवर आल्या. शेजारच्या रंगुबाईनं घास भरवला तर तिचं बोटच चावल्या. म्हनल्या, "माझ्या सुनंच्या हातचंच खाईन, न्हाईतर उपाशी मरीन." अन् खरंच दोन दिस खाल्लं न्हाई.

मी गेले मालकाकडं. राधाकृष्णशेठ.

"शेठ, मला घरखातं द्या."

घरखातं म्हंजी पानं-तंबाखू घरी न्यायची आन् वळलेल्या बिड्या आनून द्यायच्या.

"घरखातं म्हंजी घरच खातं!" शेठ वरडले. "बिड्या निम्म्या आन् सासवांचे दात काळे!"

"आमच्या आत्याबाई मिश्रीला शिवत न्हाईत."

"व्हय? मग उद्या येतो. घोडेगावच्या बाजारात बैलाचे बघत्यात तसे दात बघतो."

आता पंचाईत. आत्याबाईंच्या मिश्रीसाठी मी तव्यावर तंबाखू भाजायला घेतली की निंबावरचा कावळा शिंकायचा. एकदा तर शिंकता शिंकता खालीच पडला, मी पानी पाजून उडवला. पन आत्याबाई म्हनल्या, "भिऊ नगं गं पोरी. येऊ दे त्याला." अन् मिश्रीची डबी सरकवली मोडक्या मांडीखाली. तिथं हात घालायची कुनाची छाती हुती!

शेठ आले, हातात बॅटरी.

"ये बाबा," आत्याबाई म्हनल्या. "म्हातारी इकत घ्यायला आलास जनू? बघ, किती वर्साची निघती."

अन् केला की आ! शेठनं बॅटरी मारली. वर बघितलं, खाली बघितलं. एकबी दात न्हाई! शेठ असं हासले की खाट हालली अन् आत्याबाई "अगं आई गं" करून वरडल्या.

"ने बाई, पानं घरी ने," डोळं पुशीत शेठ म्हनले. "हे घर काय खानार!"

त्या दिवशी आत्याबाईंनी माझ्या हातची दीड भाकर दुधात कुस्करून खाल्ली. पुढं चार म्हैन्यांनी काठी घेऊन चालाय लागल्या, तवर मी खाटंला टेकूनच बिड्या वळल्या.

काय गं? मग रंगुबाईचं बोट कशानं चावल्या, म्हनतीस?

लई शानी हाईस. बरं, एक दात हुता. 'एकबी न्हाई' तेवढं मी मनानं घातलं. पुढंच हुता, काळा कुळकुळीत, बॅटरीत लखलखला. शेठ त्याच्याकडं बघत राहिले अन् म्हनले, "असू दे. एका दाताला तंबाखू ती कितीशी लागनार?"